आमच्या ऑफिसातल्या ताई गेल्या, आणि त्यांच्या डायरीतल्या एका अक्षराबद्दल विचारायचंय

जुनाबस्ता (21 नोव्हेंबर, रात्री 11.50)

मंडळी, मी इथं फारसा लिहीत नाही, नुसता वाचतो. इंदूरच्या बऱ्याच जणांना कळलं असेलच, आमच्या वकिलीच्या ऑफिसातल्या ताई सोमवारी पहाटे गेल्या. नाव लिहीत नाही, घरच्यांनी तसं सांगितलंय, पण जिल्हा कोर्टात नाहीतर एमजी रोडवर हायकोर्टात नुसतं "ताई" म्हटलं तरी कोण ते कळतं. वय 58. रविवारी संध्याकाळी फोनवर माझ्याशी बोलल्या, सोमवारच्या पेशा (कोर्टातल्या तारखा) वाटून घेतल्या, तू खाली जा मी फॅमिली कोर्टात जाते वगैरे, आणि शेवटी म्हणाल्या, हल्ली दोन जिने चढले की धाप लागते, उद्या हसू नकोस मला. सकाळी सहा दहाला मुलाचा फोन आला. मी अजून झोपेतच होतो, मला वाटलं ताईंचाच आहे, फाइल विसरली असेल, म्हणून "हां ताई" म्हणून उचलला.

मी 2003 ला या ऑफिसात ज्युनियर म्हणून लागलो तेव्हा त्यांना तिथं सात वर्षं झाली होती. मोठे साहेब आता 81 चे आहेत, ते बुधवारीच ऑफिसात येऊन बसले, घरी बसून काय करू म्हणाले, आणि दिवसभर त्यांनी एक शब्द काढला नाही, फक्त चार वाजता सवयीनं म्हणाले, ताईला विचार चहा घेणार का.

शोकसभा झाली, दुपारनंतर वकील कामावर गेले नाहीत. ताईंना स्वतःला हे कधीच पटलं नाही. त्या म्हणायच्या वकील मेला तर पक्षकाराची तारीख का मरावी.

आता विचारायचं ते. ताई मोबाइलमध्ये तारखा ठेवत नसत. जाड डायरी, हिरवी शाई, पानावर कोर्ट, केस नंबर, पक्षकार, स्टेज, पुढची पेशी. पुढच्या वर्षाच्या तारखा मागच्या कोऱ्या पानांवर लिहिलेल्या आहेत. रोज सकाळी मी ते पान उघडतो आणि त्यांच्या अक्षरात मला दिवसाचं काम मिळतं, म्हणजे गेल्यावरही कामाला लावून राहिल्यात. सगळं समजतं पण काही नोंदींच्या कोपऱ्यात गोल काढून आत "पो" असं लिहिलंय. वर्षभरात 14 ठिकाणी. त्यातल्या दोन तारखा पुढे आहेत, 2 आणि 16 डिसेंबर. मला भीती ही की काहीतरी करायचं राहून जाईल, कागद पोचवायचा असेल, कोणाला पोहोच द्यायची असेल. मुन्शीजींना माहीत नाही. कोणी ताईंबरोबर काम केलेलं, किंवा त्यांचे पक्षकार इथं असतील तर सांगा.

छावणीचा भिया (22 नोव्हेंबर, सकाळी 7.15)

फार वाईट झालं भिया. माझ्या आत्याचं काम केलं होतं त्यांनी. पो म्हणजे पोहेच असणार, इंदुरात दुसरं काय असतं.

जुनाबस्ता (22 नोव्हेंबर, सकाळी 7.40)

भिया, तुझा हेतू वाईट नाही माहीत आहे, पण आत्ता गंमत सुचत नाहीये.

नकलनवीस (22 नोव्हेंबर, सकाळी 10.05)

भावपूर्ण श्रद्धांजली. पोटगी असेल हो. त्यांचं फॅमिलीचं काम बरंच होतं. मी 2014 ते 2017 तुमच्या ऑफिसात होतो, तुम्ही ओळखलंच असेल. पहिल्या दिवशी वायफायचा पासवर्ड विचारला तर ताई म्हणाल्या, "शाहबानोला हायकोर्टानं महिन्याला किती दिले तेवढे आकडे टाक." मला कुठं माहीत. मग लायब्ररीत पाठवलं. तर इंदूरच्या मॅजिस्ट्रेटनं दिले होते महिन्याला 25 रुपये, हायकोर्टानं केले 179 रुपये 20 पैसे, आणि नवरा त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेला, तो 1985 चा निकाल. नवरा पण इंदूरचाच, आणि वकीलच. देशभर ज्या केसवरून एवढं रण माजलं ती आपल्या गावच्या खालच्या कोर्टात सुरू झाली होती आणि मी इंदुरात जन्मून, इंदुरात कायदा शिकून मला तो आकडा माहीत नव्हता. ताई म्हणाल्या, निकाल सगळे वाचतात, तू आकडा लक्षात ठेव, बाईच्या हातात शेवटी आकडाच येतो.

पासवर्ड अजून तोच आहे का?

जुनाबस्ता (22 नोव्हेंबर, दुपारी 1.30)

तोच आहे. आता इथं लिहिलास, बदलावा लागेल. (बदलणार नाही.)

पोटगीचा विचार मीही केला होता. पण 14 पैकी फक्त तीन पोटगीच्या आहेत. बाकी वाटणीचे दावे, एक भाडेकरूचा, एक चेकचा.

ओपीडी (22 नोव्हेंबर, रात्री 9.20)

मी डॉक्टर आहे, ताई माझ्या पेशंट नव्हत्या, ओळख साहित्य सभेतली. कोणाला दोष द्यायला लिहीत नाही. पण धाप लागते हे त्यांनी आणखी कोणाकोणाला सांगितलं होतं? बायकांमध्ये हार्टचं दुखणं दर वेळी छातीत कळ येऊन डावा हात धरून येतं असं नाही. पाठीत, जबड्यात, मानेत दुखतं, मळमळतं, नेहमीचा जिना चढताना अचानक दम लागतो, विनाकारण थकवा येतो, आणि घरोघरी त्याला पित्त म्हणतात. ईसीजी काढायला दहा मिनिटं लागतात. एकदा नॉर्मल आला म्हणून सुटलो असंही नसतं, त्रास होत असेल तर परत काढायचा. इथं पन्नाशीच्या पुढच्या ज्या कोणी वाचत असतील त्यांनी सोमवारी जाऊन या. आणि रात्री-पहाटे असं काही झालं तर ओवा-सोडा देत बसू नका, 108 ला फोन करा.

जुनाबस्ता (22 नोव्हेंबर, रात्री 10.10)

दिवाळीच्या आधीपासून म्हणत होत्या पित्त झालंय. टेबलाच्या खणात सोड्याच्या पुड्या सापडल्या. मी समोर बसत होतो हो. बावीस वर्षं समोर बसत होतो.

मालवाकन्या (23 नोव्हेंबर, सकाळी 8.30)

माझी केस ताईंकडे आहे, वाटणीची. परवा बातमी कळली, रडूच आलं, आणि मग लाज वाटली कारण लगेच मनात आलं आता माझं काय. केस बंद पडते का? 90 दिवसांत काहीतरी करावं लागतं असं शेजारचे म्हणाले.

जुनाबस्ता (23 नोव्हेंबर, सकाळी 11.00)

लाज कसली, ताईंनीही पहिलं हेच विचारलं असतं. तुमचे शेजारी दोन गोष्टी एकत्र करून राहिलेत. ते 90 दिवस पक्षकार वारला तर असतात, त्याचे वारस रेकॉर्डवर घ्यायला. वकील गेला तर केसला काही होत नाही, फक्त वकालतनामा (वकीलपत्र) संपतो. दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर 3 रूल 4 मध्ये आहे ते, वकालतनामा चालतो तो पक्षकार किंवा वकील जिवंत असेपर्यंत. बावीस वर्षांत ती ओळ शंभरदा वाचली असेल, या आठवड्यात पहिल्यांदा नीट वाचली.

तुमच्या वकालतनाम्यावर ताईंबरोबर माझंही नाव असेल तर आत्ता काही करावं लागत नाही. एकट्या त्यांचं असेल तर नवीन भरून द्यायचा, माझ्याकडेच द्यायला पाहिजे असं नाही. दुसरीकडे जायचं असेल तर फाइल घेऊन जा, पैसे बाकी असले तरी. फीसाठी वकील फाइल अडवू शकत नाही, सुप्रीम कोर्टानं 2000 सालीच सांगितलंय. तारीख स्वतः बघायची असेल तर ईकोर्ट्सच्या अ‍ॅपवर 16 अक्षरी सीएनआर नंबर टाका, फाइलच्या कव्हरवर डाव्या कोपऱ्यात हिरव्या शाईत लिहिलेला असेल.

आमच्या फर्मबद्दलही काही जणांनी फोनवर विचारलंय. कायदा असा की भागीदार वारला की फर्म मोडते, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. आमच्या करारात लिहिलंय. ते कलम ताईंनीच टाकलं होतं, तेव्हा मोठे साहेब म्हणाले होते, म्हणजे माझ्या मरणाची तयारी चालली आहे तर, आणि तिघंही हसलो होतो.

चौथी बहीण (23 नोव्हेंबर, दुपारी 3.45)

मी ताईंची पक्षकारही नव्हते खरं म्हणजे. 2021 ची गोष्ट. आम्ही चार बहिणी आणि एक भाऊ, वडिलांचं घर रामबागेत. दादा म्हणाला भाऊबीजेला सगळ्या याल तेव्हा हक्कत्यागाच्या कागदावर सह्या करून टाका, परत परत यायला नको, वकीलबाईंशी बोललोय. आम्ही ओवाळून, ताटातले पैसे पर्समध्ये टाकून, नव्या साड्यांमध्ये तशाच ताईंच्या ऑफिसात गेलो. त्यांनी चौघींना बघितलं, साड्या बघितल्या, आणि दादाला विचारलं, आज भाऊबीज ना? मग म्हणाल्या, "या आठवड्यात मी हे काम करत नाही. राखीच्या आठवड्यात पण करत नाही. तुळशीचं लग्न झालं की या."

दादा वैतागला, बहिणी बाहेरगावच्या आहेत म्हणाला. तर ताईंनी आम्हाला बसवून सांगितलं, हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानंच हिस्सेदार आहे, आणि 11 ऑगस्ट 2020 ला सुप्रीम कोर्टानं हेही सांगितलंय की त्या वेळी वडील हयात होते की नव्हते यानं फरक पडत नाही. "तुम्हाला सोडायचा असेल तर जरूर सोडा, माझी हरकत नाही, पण काय सोडताय ते घरी जाऊन एक रात्र बघा. ओवाळून आलेली बाई नाही म्हणू शकत नाही."

आम्ही तिघींनी नंतर जाऊन सह्या केल्या. खरंच नको होता आम्हाला. एकीनं नाही केली, तिला गरज होती. आज पाचही जण एकमेकांशी बोलतो. तेव्हा सगळ्यांनी सह्या केल्या असत्या तर ती एक कधीच बोलली नसती.

स्पष्टच सांगतो (23 नोव्हेंबर, सायंकाळी 6.10)

माणूस गेला की सगळे देव करतात म्हणून लिहितोय. मलाही त्यांनी असंच भाऊबीजेला परत पाठवलं होतं. माझ्या बहिणी स्वतःहून तयार होत्या, कोणी जबरदस्ती केली नव्हती. परत पाठवल्यावर एकीच्या नवऱ्यानं डोकं भरवलं आणि आज सहा वर्षं दावा चालू आहे. त्यांनी सरळ काम केलं असतं तर? पक्षकार मी होतो ना, फी मी देणार होतो. वकिलानं कोणाची बाजू घ्यायची? शिवाय तोंड फटकळ. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "कागद तुमच्या सोयीनं नाही, माझ्या सहीनं तयार होतो." श्रद्धांजली आहेच, पण हेही आहे.

छावणीचा भिया (23 नोव्हेंबर, सायंकाळी 6.25)

अहो आज तरी नका ना हे. तेरावं पण झालं नाहीये.

मंचसेवक (23 नोव्हेंबर, सायंकाळी 7.00)

दोन प्रतिसाद काढले आहेत. स्पष्टच सांगतो यांचा मूळ प्रतिसाद ठेवला आहे, त्यात शिवी नाही. बहिणींच्या नवऱ्यांवरची चर्चा वेगळ्या धाग्यावर करा.

जुनाबस्ता (23 नोव्हेंबर, रात्री 10.30)

राहू दे. मला आठवतात हे गृहस्थ. तोंड फटकळ होतं, हे आम्ही ऑफिसातले तुमच्यापेक्षा जास्त सांगू शकतो. फी परत केली होती हे मात्र तुम्ही लिहिलं नाही. आणि खरं सांगू, तुम्ही म्हणताय त्या प्रश्नावर आमचं दोघांचंही वाजलं होतं. मी म्हणालो होतो ताई, आपला पक्षकार भाऊ आहे, बहिणींनी त्यांचा वकील बघावा. त्या म्हणाल्या, कागद उद्या कोर्टात टिकला पाहिजे की नाही? दबावाखाली केला म्हणून रद्द करायला बहीण गेली तर मी काय सांगू, ताटात निरांजन होतं म्हणून? मला ते तेव्हा पूर्ण पटलं नव्हतं, आजही अर्धं पटतं. पण त्यांनी केलेला एकही हक्कत्याग आमच्या माहितीत रद्द झालेला नाही.

मोडीवेडा (24 नोव्हेंबर, सकाळी 9.15)

ताईंची अजून एक बाजू कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. इंदुरात मोडी वाचू शकणारे वकील किती उरलेत? होळकरांच्या वेळचे वाड्याचे, विहिरीचे, इनामाचे कागद घरोघरी ट्रंकेत पडलेत आणि मुलांना ते वाचता येत नाहीत, मग भाषांतर करणारा जे सांगेल ते खरं. मोडीत आधी पानभर आडवी रेघ मारून खाली सलग लिहीत जातात, दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घही वेगळं नसतं. शब्द कुठं तोडायचा हे वाचणाऱ्यानं ठरवायचं.

आमच्या एका नातेवाइकांच्या वाड्याची केस. एका कागदात विहिरीच्या पाण्याबद्दल ओळ होती, समोरच्यांच्या भाषांतरात आलं "हक्क नाही". ताईंनी मूळ कागद मागितला, भिंग घेऊन बसल्या, आणि मूळ ओळ निघाली "हक्कनानाहीघेतील". भाषांतर करणाऱ्यानं एक "ना" चुकून दोनदा पडलाय समजून गाळला होता. तो होता "हक्क नानाही घेतील". नाना म्हणजे आमच्या नातेवाइकांचे पणजोबा! एका "ना"वर विहिरीचं पाणी फिरलं. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून आला की त्याच्या सही-अक्षराला पुरावा कायदा झुकतं माप देतो, पण वाचायला माणूस लागतो, ते कायदा कुठून देणार.

दर शनिवारी संध्याकाळी चारपाच जणांना फुकट शिकवायच्या. आमची वही "ळ"पर्यंत आली होती.

पुणेरी इंदूरकर (24 नोव्हेंबर, रात्री 11.15)

मी 2008 ते 2013 ताईंचा ज्युनियर. पुण्यात अडकलोय, येता आलं नाही, तेराव्याला येतोय.

जबलपूरच्या ओव्हरनाइटमध्ये मी जेवढा कायदा शिकलो तेवढा कॉलेजात नाही. काही कामांसाठी मेन सीटला, म्हणजे हायकोर्टाच्या मुख्य पीठाकडे, जावं लागे, ताई खालच्या बर्थवर फाइल उघडून बसत आणि मला म्हणत, आधी तारखा लिही. रडगाणं नंतर. कुठलंही प्रकरण आलं की कोऱ्या कागदावर फक्त तारखा, डावीकडे तारीख, उजवीकडे एका ओळीत काय झालं. "पक्षकार आपल्याला दुःख सांगतो, कोर्टाला क्रम लागतो." पिपरिया येईपर्यंत यादी झाली नाही तर झोपू देत नसत.

2024 च्या 1 जुलैला नवे फौजदारी कायदे लागू झाले तेव्हा फोन केला होता, म्हटलं ताई आता तुम्ही कशाला, तुमचं तर सगळं दिवाणी. तर म्हणाल्या जुन्या-नव्या कलमांचा तक्ता करून भिंतीवर लावलाय. फार हसत होत्या. म्हणे, अरे 482 म्हणजे आयुष्यभर हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, आता 482 म्हणजे अटकपूर्व जामीन, घर तेच आणि भाडेकरू बदलला. आणि 420 चं 318 झालं, आता माणसाला शिवी कशी द्यायची.

जुनाबस्ता, तुझ्या प्रश्नाबद्दल. त्यांचीच पद्धत वापर ना. चौदाही तारखा एका कागदावर लिही, शेजारी केसचा प्रकार नको, स्टेज लिही.

जुनाबस्ता (25 नोव्हेंबर, दुपारी 2.20)

लिहिलं. आत्ता जेवणाच्या सुट्टीत बसून लिहिलं.

चौदाच्या चौदा गवाहीच्या तारखा आहेत. बहस एकही नाही, जवाबदावा एकही नाही. आणि सगळीकडे आपल्या बाजूचा साक्षीदार. समोरच्याचा साक्षीदार असेल त्या दिवशी "पो" नाही. पण आपल्याही प्रत्येक साक्षीदाराला नाही, काहींनाच आहे. पोलिस? पण दिवाणीत पोलिस कुठून येणार.

नकलनवीस (25 नोव्हेंबर, दुपारी 2.50)

पोक्त? म्हणजे म्हातारे साक्षीदार, खुर्ची मागायची असेल त्यांच्यासाठी.

जुनाबस्ता (25 नोव्हेंबर, दुपारी 3.05)

त्यात एक चोवीस वर्षांचा मुलगा आहे.

धारवाली (25 नोव्हेंबर, रात्री 8.40)

मी इथं नवीन आहे, माझ्या भाचीनं हा धागा दाखवला आणि तीच टाइप करून राहिली आहे. मी बोलते ती लिहिते, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी धारची. मागच्या मार्चमध्ये माझी साक्ष होती इंदूरला, डायरीत बघा, माझंही असेल. ते पोहेच आहेत. त्या पहिल्या मुलानं बरोबर सांगितलं होतं.

मला आदल्या दिवशी ताईंचा फोन आला, विचारलं किती वाजता निघणार, काय खाऊन निघणार. मी म्हटलं पहाटेची बस आहे, उपाशीच येईन, कोर्टाचं काम आहे घशाखाली काही उतरणार नाही. तर म्हणाल्या थेट राजवाड्यावर उतरा, मी साडेआठला तिथं आहे. आणि होत्या. काळा कोट हातावर घडी करून, पोह्यांच्या ठेल्यापाशी उभ्या. मला प्लेट दिली. मी विचारायला लागले, ताई तो वकील काय विचारेल, मी काय सांगू. तर म्हणाल्या, "पोह्यांवर केसचं बोलायचं नाही. खा. जे झालं ते तुम्हाला माहीत आहे, मला विचारू नका." मग माझ्या नातवंडांचं विचारलं, धारच्या किल्ल्याचं विचारलं. मला म्हणाल्या बाहेरगावाहून बसनं येणारा माणूस उपाशीपोटी कोर्टात उभा राहिला की बारा वाजेपर्यंत त्याला काहीही कबूल करून सुटावंसं वाटतं. कांदा तेवढा घालू दिला नाही, उभं राहून बोलायचंय म्हणाल्या.

मग गंमत झाली. कोर्टात समोरच्या वकिलानं पहिलाच प्रश्न केला, आज सकाळी तुम्ही तुमच्या वकिलांना भेटलात का. मी म्हटलं हो. काय झालं तिथं? पोहे खाल्ले. काय सांगायचं हे त्यांनी शिकवलं ना तुम्हाला? मी म्हटलं नाही, फक्त शेव कमी घाल म्हणाल्या. ते पण मला नाही, ठेलेवाल्याला. जज्जसाहेब हसले. ताई नाही हसल्या, खाली बघून लिहीत होत्या.

मला त्यांनी पैसे देऊ दिले नाहीत. आता कोणाला देऊ.

चौथी बहीण (25 नोव्हेंबर, रात्री 9.00)

काकू, वाचून काय बोलावं कळेना.

पुणेरी इंदूरकर (25 नोव्हेंबर, रात्री 9.30)

पाच वर्षं त्यांच्याबरोबर होतो आणि मला माहीत नव्हतं. आम्हाला साडेदहाला थेट कोर्टात बोलवायच्या. मला वाटायचं त्या सकाळी देवाला जातात.

जुनाबस्ता (25 नोव्हेंबर, रात्री 11.55)

काकू, 11 मार्च. आहे. धार, गवाही, गोलात पो.

उरलेले सगळे तपासले. देवास, महेश्वर, सनावद, एक थेट बऱ्हाणपूर. तो चोवीस वर्षांचा मुलगा सेंधव्याचा. इंदुरातल्या साक्षीदारांना नाही, ते घरून खाऊन येतात.

मी समोर बसत होतो आणि मला कधी सांगितलं नाही, याचा आधी थोडा राग आला. मग आठवलं, सात-आठ वर्षांपूर्वी एकदा त्यांनी विचारलं होतं, सकाळी आठला येशील का उद्या राजवाड्यावर, आणि मी म्हटलं होतं ताई, मला रात्री उशिरापर्यंत ड्राफ्टिंग असतं, आठला नाही जमत. परत विचारलं नाही.

जुनाबस्ता (2 डिसेंबर, रात्री 9.45)

आजच्या तारखेचं सांगतो, बऱ्याच जणांनी विचारलंय.

गेलो होतो. साक्षीदार महेश्वरहून आलेले, साठीचे, साडीच्या मागावर काम करतात. त्यांना ताई गेल्याचं माहीत नव्हतं, मी फोनवर सांगायचं टाळलं होतं, चूक झाली. ठेल्यापाशी मला बघून इकडेतिकडे बघत राहिले. सांगितल्यावर प्लेट हातातच राहिली, वाफ गेली, मग मी दुसरी घेतली. केसचं बोलायचं नाही ठरवलं होतं, मग काय बोलायचं कळेना, धारच्या किल्ल्यासारखं मला काही सुचत नाही. शेवटी त्यांनीच मला मागावर पदर कसा धरतात ते सांगितलं, मला अर्धं कळलं.

मुख्य साक्ष हल्ली शपथपत्रावरच होते, त्यामुळे माणूस उभा राहतो तो थेट उलटतपासणीला. पावणेदोन तास चालली. ते हलले नाहीत. एकदा पाणी मागितलं एवढंच.

आता अडचण अशी की 16 तारखेला परत पो आहे, बऱ्हाणपूरचे गृहस्थ, आणि त्या दिवशी माझं हायकोर्टात पहिल्या पाचात लागलंय. ज्युनियर मुलगी नवीन आहे, ती कोर्टात बघेल, पण घर महूला आहे, साडेआठला पोचणार नाही. मोठे साहेब मी जातो म्हणून हट्ट धरून बसलेत, 81 व्या वर्षी. कोणी राजवाड्यापाशी राहणारं आहे का? अर्ध्या तासाचं काम आहे. फक्त केसचं काही विचारायचं नाही.

छावणीचा भिया (2 डिसेंबर, रात्री 9.52)

मी येतो. केस काय आहे तेच मला माहीत नाही, म्हणजे विचारायचा प्रश्नच नाही. ते कसे दिसतात तेवढं सांगून ठेवा.

जुनाबस्ता (2 डिसेंबर, रात्री 10.05)

राखाडी टोपी, हातात कापडी पिशवी. कांदा नको. आणि पहिल्या दिवशी मी तुला तोडून बोललो.

छावणीचा भिया (2 डिसेंबर, रात्री 10.08)

सोडा ना भिया. जीरावन मसाला पण कमीच घालायला सांगतो, उलटतपासणीत शिंका यायला नकोत.